परत आल्यावर नाव

भाईंदरजवळच्या मुर्धा गावात खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फाचा एक कारखाना आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी काही वर्षं भाड्यानं राहिले. भाईंदरच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली तेव्हा सांगलीहून एक ट्रंक आणि एक कुकर घेऊन आले होते. घरमालक म्हणजे कारखान्याचेच मालक. सगळं गाव त्यांना बर्फवाले काका म्हणायचं. खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "बाई, दक्षिण ध्रुवावर पयला कोण पोचला?"

शाळेत पाठ केलेलं नाव मी सांगितलं.

"बरोबर. आन तिथशी परत कोण आला?"

हे काही शाळेत पाठ केलं नव्हतं. काकांनी मान हलवली. "मग तुमाला भूगोल येत न्हाय. पण खोली देतंव."

असा माणूस. साठी उलटलेली, अंगानं खारकेसारखा, रंग पक्का. मे महिन्यात अख्खं मुर्धा बनियनवर बसलेलं असताना काका माकडटोपी घालून फिरायचे. दिवसातून वीसदा बर्फाच्या खोलीत आतबाहेर करावं लागतं म्हणून, असं ते सांगत. मला विचाराल तर ती टोपी ते हौसेनं घालत. रोज बर्फाच्या लाद्या विकणाऱ्या या माणसानं आकाशातून पडणारं बर्फ मात्र कधी पाहिलं नव्हतं. शिमल्याला जायचा विषय काकींनी काढला की ते म्हणत, "तो काय बर्फ हाय? लोक त्याच्यावर फोटो काढतात."

त्यांच्या कारखान्यातल्या टेबलामागे एकवीरा आईची तसबीर आणि तिच्या शेजारी वर्तमानपत्रांतून कापून चौकटीत बसवलेले तीन गोरे लोक होते. पहिला नॉर्वेवाला, जो ध्रुवावर सगळ्यांत आधी पोचला. दुसरा इंग्रज, जो मागाहून पोचला आणि परतीच्या वाटेवर साथीदारांसकट गेला. तिसरा आयरिश कप्तान, जो ध्रुवावर कधी पोचलाच नाही. त्याची बोट बर्फानं चिरडली, आणि तरी त्यानं बोटीवरचा एकूण एक माणूस जिवंत घरी आणला. काकांनी या तिघांची नावं कधी घेतली नाहीत, जणू ते शेजारच्या राई गावातले असावेत अशा थाटात त्यांच्याबद्दल बोलत. रोज सकाळी देवीला उदबत्ती ओवाळून झाली की उरलेली आयरिश कप्तानाला. नॉर्वेवाल्याला नुसता नमस्कार. इंग्रजाची तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगलेली.

"त्याचं काय चुकलं?" मी एकदा विचारलं.

"परत न्हाय आला," काका म्हणाले, आणि लादी उचलायचा आकडा घेऊन निघून गेले.

कारखान्यालाही त्यांनी, आपल्या देशाच्या तिथल्या केंद्रांची नावं देऊन, अंटार्क्टिका करून टाकलं होतं. बर्फ साठवायची खोली म्हणजे 'मैत्री'. चिखलात अर्धी रुतलेली जुनी शेड म्हणजे 'दक्षिण गंगोत्री', कारण आपल्या देशाचं त्या नावाचं पहिलं केंद्र असंच बर्फात गाडलं गेलं. आणि माझी खोली म्हणजे 'भारती'. तशी पाटी त्यांनी माझ्या दारावर, मला न विचारता, होडीच्या निळ्या रंगानं रंगवली. कुरियरवाला खालून ओरडायचा, "मॅडम, आप ही भारती मॅडम हो क्या? पार्सल है!" आणि मी वरून हो म्हणायची. शेवटी सोपं तेच पडतं.

नावांबद्दलचं त्यांचं वेड मला आधी नुसतं गमतीचं वाटलं होतं. त्याचं मूळ त्यांच्या घराच्या एका रिवाजात आहे हे नंतर कळलं. त्यांच्या घराण्यात नवी होडी पाण्यात सोडताना पूजा व्हायची, नारळ फुटायचा, पण नाव लिहायचं नाही. पहिल्या फेरीला होडी बिननावाची जायची. ती माणसांसकट बंदराला परत लागली की मगच तिचा नाखवा, म्हणजे होडीचा कप्तान, ब्रश हातात घ्यायचा आणि नाव रंगवायचा. गावात बाकी कोणी हे पाळत नसे. काकांच्या घरात मात्र हा नियम देवाइतकाच मोठा होता.

भाईंदरच्या एका सभागृहात अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्या एका शास्त्रज्ञाचं व्याख्यान होतं, तेव्हा या नियमाचं तेज मी पाहिलं. काका मला आणि त्यांच्या मुलीला रिक्षात घालून घेऊन गेले. मुलगी तेव्हा इंजिनियर होऊन जनरेटर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागली होती. तिचं नाव इथं लगेच सांगत नाही. का, ते कळेल. कारखान्याच्या कॉम्प्रेसरच्या आवाजात ही पोरगी पाळण्यात झोपलेली. कॉम्प्रेसर बंद पडला की जागी व्हायची. काकांची ती एकुलती एक, आणि बापलेकीचं दिवसभर भांडण चालायचं, त्यात दोघांनाही भयंकर सुख होतं.

व्याख्यान छान झालं. शेवटी शास्त्रज्ञांनी सांगितलं की थेट ध्रुवावर जे संशोधन केंद्र आहे, त्याला पहिल्या आलेल्याचं आणि दुसऱ्या आलेल्याचं, अशी दोघांची नावं जोडून दिली आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतून माकडटोपी उभी राहिली.

"साहेब, एक इचारू? तो इंग्रज परत आला काय?"

"नाही. परतीच्या वाटेवरच त्यांचा अंत झाला."

"मग त्याचा नाव कंच्या हिशोबानं लावला?"

सभागृहात हशा पिकला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माइक घेऊन धावल्या. पण शास्त्रज्ञ गृहस्थ चांगले होते. "त्यांच्या धाडसाचा मान म्हणून," ते म्हणाले.

"मान देवा ना! मान देवाय कोन नको बोलतो? फोटोला हार घाला. पण नाव न्हाय द्याचा. जो घरी आला त्याचाच नाव. न्हायतर मागं राहिलेल्या बायकापोरांनी त्या नावाकडे बघून काय करायचा?"

या वेळी कोणी हसलं नाही. शास्त्रज्ञ म्हणाले, "तुमचं म्हणणं मी आमच्या लोकांना सांगेन." काका खाली बसले आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं. मी मात्र पोरीकडे बघत होते. कारण त्याआधी शास्त्रज्ञ बोलता बोलता म्हणून गेले होते की, आम्हाला शास्त्रज्ञांपेक्षाही हिवाळाभर जनरेटर चालू ठेवणारी माणसं जास्त लागतात. जनरेटर बंद पडला तर बाकी सगळं संपलं. ते ऐकल्यापासून पोरगी खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसली होती. कार्यक्रम संपल्यावर सगळे चहाकडे गेले आणि ती व्यासपीठाकडे गेली.

तिनं अर्ज केला, मुलाखत दिली, दिल्लीला जाऊन तपासण्या करून आली, हिमालयात बर्फावर राहायचं शिक्षणही घेऊन आली. घरी सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे. मैत्री केंद्रावर वर्षभर राहणाऱ्या तुकडीत तिची निवड पक्की झाली तेव्हा बोलली. मी तेव्हा खाली काकींकडे सुकट निवडायला बसले होते. आता काका नाचतील, अख्ख्या मुर्ध्याला बर्फाचे गोळे वाटतील, असं मला वाटलं.

काका म्हणाले, "न्हाय."

"बाबा, मैत्री! आपली मैत्री!"

"न्हाय बोललो ना."

आणि ते 'मैत्री'त, म्हणजे त्यांच्या बर्फाच्या खोलीत, जाऊन बसले. ज्या माणसानं उभा जन्म अंटार्क्टिका सोडून दुसरा विषय काढला नाही, तो अंटार्क्टिकाचं नाव काढलं की उठून जाऊ लागला. मला रागच आला. फुकटचा शूरपणा, म्हटलं मनात. नकाशावर बोट फिरवायला काय जातंय.

मग काकींनी मला सांगितलं. काकांना एक धाकटा भाऊ होता. दोघांनी मिळून होडी बांधली होती. भाऊ नाखवा, काका त्याच्या हाताखाली. पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी काकांना इतका आनंद झाला की त्यांना राहवलं नाही. त्यांनी भावाचंच नाव होडीवर रंगवून टाकलं. मोठ्ठ्या पिवळ्या अक्षरात. म्हातारे रागावले, काका हसले. पहिल्या फेरीला काकांना ताप होता म्हणून ते घरी राहिले. होडी परत आली नाही. त्या दिवसापासून त्या घरात धाकट्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. काकांनी समुद्र सोडला, बर्फाचा कारखाना घातला, आणि कधीतरी पेपरात त्या आयरिश कप्तानाची गोष्ट वाचली, ज्यानं सगळ्यांना परत आणलं.

"तो फोटो लावला ना, त्या दिवशी ते पयल्यांदा जेवले नीट," काकी म्हणाल्या. मला सुकटीतला कचरा दिसेनासा झाला. मी उगीच मान खाली घालून बोटं चालवत राहिले.

पोरगी सगळं जाणून होती. तिनं रडारड केली नाही. दोन-चार दिवस जाऊ दिले आणि एका दुपारी, काका अंगणात शेजाऱ्यांचं जाळं उन्हात घालत होते तिथं जाऊन उभी राहिली. मी जिन्यात होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, होडी बांधली आन बंदरालाच बांधून ठेवली, तर तिला नाव कवा द्याचा?"

"कंची होडी?"

"तुमीच सांगा ना. पयली फेरी केली न्हाय तर नाव भेटतो काय?"

काका जाळ्याची गाठ सोडवत राहिले.

"मी पण बांधून ठेवलेलीच हाय," ती म्हणाली. "तुमचाच नियम हाय, बाबा. मना फेरी करू द्या."

जाळं तसंच टाकून काका 'मैत्री'त शिरले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर बर्फाची भुकटी होती. त्यांनी काकींना हाक मारली, "अगो, हिच्यासाठी लोकरीचे मोजे कय भेटतील?" मी जिन्यातच बसून रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

जाण्याची तारीख ठरली तशी गावात धामधूम सुरू झाली. आमच्याकडे कुणाचा वाढदिवस असला तरी फ्लेक्स लागतो. इथं तर गावची मुलगी अंटार्क्टिकाला चाललेली. नाक्यावर भला मोठा फ्लेक्स झळकला. तिचा फोटो, मागे पेंग्विन, खाली गावातल्या डझनभर शुभेच्छुकांचे चेहरे, आणि वर ठसठशीत अक्षरात तिचं नाव. काका शिडी घेऊन गेले आणि त्यांनी नावाची पट्टी कापून काढली. फोटो राहू दिला. मंडळाची पोरं धावत आली.

"काका, काय करतावं? नाव का काढला?"

"परत येल तवा लावा."

आणि त्यांनी जाहीर केलं की ती परत येईपर्यंत तिचं नाव कोणी घ्यायचं नाही. घरात नाही, बंदरावर नाही, फोनवर नाही. लोक आधी हसले. पण ज्यांना धाकट्याची गोष्ट ठाऊक होती ती म्हातारी माणसं हसली नाहीत, आणि त्यांनी बाकीच्यांना गप्प केलं. मग मुर्ध्यानं ते असं काही मनावर घेतलं की विचारू नका. ती "मैत्रीवाली" झाली. भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत राहणारी तिची आत्या फोन करून विचारायची, "आपली ती कशी हाय?" किराणावाले शेठ विचारायचे, "काका, वो बर्फवाली का फोन आया?" शाळेतल्या मुलांना मी एकदा तिच्याबद्दल सांगत होते आणि तिचं नाव तोंडाशी आल्यावर मीच अडखळले. मुलांनी विचारलं, "बाई, त्यांचं नाव काय?" मी म्हटलं, "अजून ठेवायचंय."

सुट्टीच्या दिवशी तिचा फोन यायचा. काकांचे प्रश्न ठरलेले: जनरेटरचा आवाज कसा हाय, डिझेल गोठतो काय, पट्टा बघितला काय. तब्येत विचारायचं काम काकींचं. तिकडे सूर्य उगवायचा बंद झाला तेव्हा काका संध्याकाळी लवकर दिवे लावू लागले. जून महिन्यात तिकडच्या सगळ्या केंद्रांवर मधल्या हिवाळ्याचा सण करतात, एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. इथं काकांनी कांद्याची आणि बोंबलाची भजी तळवून सगळ्या गल्लीला वाटली आणि "आता दिवस मोठा होनार" असं प्रत्येकाला बजावून सांगितलं.

एकदा तिनं फोटो पाठवला. मैत्रीच्या बाहेर एक खांब आहे, त्याला बाण ठोकलेले, कुठलं गाव कुठल्या दिशेला ते सांगणारे. दिल्ली, गोवा, परदेशातली मोठमोठी शहरं. त्यांत एक नवा बाण होता, निळ्या रंगाचा, आणि त्यावर लिहिलेलं: मुर्धा. दुपारपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. लोक कारखान्यावर येऊन काकांचे हात हातात घेऊ लागले. राई गावातला एक जण येऊन चक्क भांडला, "राईचा बाण का न्हाय लावला? लागूनच हाय ना!" काका गंभीरपणे म्हणाले, "तुमचा कोन पाठवा, मग लावा." त्या दिवशी ते माकडटोपी न घालता, केस विंचरून, बंदरावर दोन चकरा मारून आले.

पण हिवाळा संपत आला आणि फोन यायचा बंद झाला. मोठं हिमवादळ आहे, संपर्क तुटलाय, काळजी करू नका, एवढा निरोप दिल्लीहून आला. काका दिवसभर कॉम्प्रेसरपाशी उभे राहायचे. जेवायला बोलावलं तर यायचे नाहीत. आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्या शाळेत आले. शिपायानं मला बोलावलं. काका वडाच्या पारावर बसलेले, टोपी मुठीत.

"बाई, तो इंग्रज."

"काय झालं त्याचं?"

"त्याचा नाव लावला ते बराच केला त्यांनी." त्यांनी टोपी गुडघ्यावर पसरली. "जो घरी आला त्याचा नाव तोच सांगल. सगल्यांना सांगत फिरल. जो न्हाय आला त्याचा नाव दुसरा कोन घेनार? आपन न्हाय घेतला तर तो दोनदा जातो."

मग त्यांनी आपल्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. "पांडू," ते म्हणाले. "पांडुरंग. लय हसायचा." अंगणात मुलं पळत होती, घंटा व्हायची होती, आणि हा म्हातारा माणूस इतक्या वर्षांनी भावाचं नाव पुन्हा पुन्हा घेत होता. मी त्यांचा हात धरून बसले. संध्याकाळी कारखान्यात डोकावले तर इंग्रजाची तसबीर सरळ होती आणि तिलाही उदबत्ती लावलेली होती.

वादळ निवळल्यावर फोन आला. एक जनरेटर बंद पडला होता. वादळात दोरी धरून पोरगी आणि तिचे दोन सहकारी शेडपर्यंत गेले आणि तिनं तो चालू केला. "आवाजावरनंच कळला, बाबा, पंपात हवा घुसली व्हती," ती म्हणाली. काका म्हणाले, "मग! पोरगी कोनाची!" आणि ताबडतोब फोन काकींच्या हातात देऊन तोंड फिरवलं.

ती परत आली तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. तोवर माझं लग्न होऊन मी शहरातल्या सिल्व्हर पार्क भागात राहायला गेले होते, पण सकाळपासून मुर्ध्यातच होते. काका विमानतळावर गेले नाहीत. "होडीला आनाय कोन समुद्रात जातो काय? बंदरावर उभा राहायचा." इस्त्रीचा सदरा घालून ते कारखान्याच्या फाटकात उभे राहिले. नाक्यापासून ब्रास बँड, बायका नऊवारीत आरतीची ताटं घेऊन, पोरं भिंतींवर चढलेली, आणि कुठून कुठून आलेले पुढारी. गाडी गल्लीत शिरली तसा बँड पेटला. पोरगी उतरली, काळवंडलेली, बारीक झालेली, ओठ फुटलेले, आणि तोंडभर हसू. लोकांनी तिला खाली पाय टेकू दिला नाही, सरळ तात्पुरत्या मंचावर नेऊन बसवलं.

एका पुढाऱ्यानं माइक घेतला. "मुर्ध्याची शान, महाराष्ट्राची लेक, आपली सर्वांची लाडकी..." आणि ते थांबले. त्यांनी शेजारी बघितलं. शेजारच्यानं पुढच्या रांगेकडे बघितलं. पुढारी पुन्हा म्हणाले, "आपली लाडकी..." वर्षभर जीभ आवरून ठेवलेलं अख्खं गाव गप्प उभं होतं. नाव सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी घेईना. हळूहळू सगळ्या माना फाटकाकडे वळल्या.

काका गर्दीतून मंचाकडे चालत आले. त्यांना माइक लागला नाही. वादळात खाडीपलीकडच्या होडीला हाक मारणारी कोळ्याची छाती होती ती, इतकी वर्षं न वापरलेली.

"दर्शनाऽऽऽ!"

पोरगी उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"ए दर्शनाऽऽ! आलीस काय गो, माझे बाय! आली माझी दर्शना! आली!"

तेवढ्यात बंदरावरून कुणीतरी ओरडलं, "दर्शना!" मग भिंतीवरची पोरं, मग आरतीवाल्या बायका, मग किराणावाले शेठ, मग राईवाले सुद्धा. पाच मिनिटं बँड बंद आणि सगळं मुर्धा नुसतं तिचं नाव ओरडत होतं, आणि मीही, शाळेत मुलांना हळू बोला म्हणून दटावणारी, घसा फुटेस्तोवर ओरडत होते.